गणपतीच्या हॉलच्या दारावर 'बंदूक आणू नये' ही पाटी लावावी का? (टेक्सास)

अबोली_डॅलस

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय चार दिवस धुमसतोय. तिथे आता कोणी कोणाचं नीट वाचत नाही, म्हणून इथे मांडते. तुमच्यापैकी बरेच जण अमेरिकेत मंडळांची कामं करता, काही जण बंदूक बाळगतही असाल. मला दोन्हीकडचं ऐकायचंय.

मी डॅलसच्या उत्तरेला राहते, सतरा वर्षं झाली. मंडळात मुलांचे कार्यक्रम बघते. गेल्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी आरती झाली आणि लोक नमस्काराला रांगेत उभे होते. आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळी मुलं आजोबा म्हणतात, ते मखरापुढे वाकले आणि झब्बा वर सरकला. कमरेला चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल. मागे उभ्या सहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "आजोबा, ही खरी आहे?" त्यांनी झब्बा खाली ओढला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो बाळा, खरी आहे. हात लावायचा नाही." ते मुलाशी खोटं बोलले नाहीत, याबद्दल मला आजही त्यांचा आदर आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यांनी कोणताही कायदा मोडलेला नव्हता. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून, वय २१ पूर्ण असेल आणि बंदूक बाळगायला दुसरी कायदेशीर आडकाठी नसेल, तर हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) घेऊन फिरायला परवाना लागत नाही. दिसत असेल तर होल्स्टरमध्ये हवी, एवढंच. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने ठरलेल्या पद्धतीने 'नको' सांगितलं नसेल, तर येणारा ती आत आणू शकतो. म्हणजे इथे आपण गप्प बसलो की 'आणा' असंच उत्तर दिलं जातं. ग्रुपवर निम्मे लोक म्हणताहेत, "आपण यात पडायलाच नको, पाटी लावून वाद कशाला?" अहो, आपण यात पडलेलोच आहोत. गेली चार वर्षं न बोलता हो म्हणतोय.

६ मे २०२३ ला आमच्या जवळच्या ॲलन गावच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली. आम्ही दिवाळीचे कपडे तिथेच घेतो. मेलेल्यांत हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर होती. तेव्हापासून आमच्याकडची काही कुटुंबं बंदुकीच्या दुकानात गेली, आणि काहींनी मॉलमध्ये जाणंच सोडलं. दोघांची भीती एकच आहे, हे मला कळतं. पण सहाशे माणसं, दीडशे मुलं आणि ढोल-ताशाचं पथक असलेल्या हॉलमध्ये कोणाकोणाच्या कमरेला काय आहे हे कोणालाच माहीत नाही, ही स्थिती मला मान्य नाही. माझं मत पाटी लावावी असं आहे. समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे.

निळाई

वाचतेय. आमच्या ऑस्टिनच्या मंडळात हा प्रश्न कधी कोणी काढलाच नाही. आता काढेन.

अनाहत

अबोलीताई, आधी हॉल कोणाचा ते सांगा, कारण उत्तर त्यावर बदलतं. (मी वकील आहे, पण तुमचा वकील नाही. शेवटचा सल्ला स्थानिक वकिलाचा घ्या.)

शाळेचं सभागृह असेल तर प्रश्नच नाही. शाळेच्या इमारतीत बंदूक नेणं हा टेक्सासात गंभीर गुन्हा आहे, पाटी असो वा नसो. जिथे निम्म्याहून जास्त उत्पन्न दारूच्या विक्रीतून येतं, त्या बारच्या दारावर लाल अक्षरांत ५१% लिहिलेलं असतं, तिथेही बंदी. देऊळ असेल तर १ सप्टेंबर २०१९ पासून प्रार्थनास्थळांना इतर खाजगी जागांसारखाच नियम आहे: विश्वस्तांनी नको म्हटलं नाही तर चालतं.

खाजगी हॉल असेल तर एक नाही, तीन पाट्या लागतात. दंडसंहितेचं कलम ३०.०६ परवानाधारकाच्या झाकलेल्या हँडगनसाठी, ३०.०७ उघड्या हँडगनसाठी, आणि ३०.०५ बिनपरवान्याने बाळगणाऱ्यांसाठी. नुसतं बंदुकीच्या चित्रावर लाल काट मारलेलं स्टिकर परवानाधारकाला कायद्याने बांधत नाही. ३०.०६ आणि ३०.०७ चा मजकूर कायद्यात शब्दशः दिलाय. तो इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, पार्श्वभूमीवर उठून दिसेल अशा रंगात आणि येणाऱ्याला सहज दिसेल अशा जागी लागतो. म्हणून त्या पाट्या एवढ्या मोठ्या असतात. पाटी ओलांडून आत आलं तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर गेलं नाही तर मात्र तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.

आणि एक गोष्ट जी आपल्या लोकांना फार उशिरा कळते. एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचे कुटुंबीय), एफ-१ (विद्यार्थी) अशा व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असेल तर, किंवा अशाच मोजक्या अपवादांत, सूट आहे. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हेही 'बाळगणं'च. मित्राबरोबर गंमत म्हणून रेंजवर गेलात आणि फोटो टाकलात, तर ते प्रकरण ग्रीन कार्डच्या मुळावर येऊ शकतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. हे तुमच्या मंडळाच्या नव्या मुलांना जरूर सांगा.

अबोली_डॅलस

धन्यवाद अनाहत. हॉल शहराच्या मालकीचं सिव्हिक सेंटर आहे. आम्ही दोन दिवस भाड्याने घेतो.

अनाहत

मग सगळ्यात अवघड प्रकार तुमच्या वाट्याला आलाय. टेक्सासात शहराला स्वतःच्या इमारतीवर अशी पाटी लावता येत नाही. कोर्ट वगैरे मोजके अपवाद सोडून. भाडेकरूने लावली तर? यावर तुमच्याच गावात मोठं भांडण झालंय. टेक्सासची स्टेट फेअर डॅलसच्या फेअर पार्कमध्ये भरते. जागा शहराची, जत्रा भरवणारी संस्था खाजगी, ना-नफा. ऑक्टोबर २०२३ मध्ये जत्रेत गोळीबार होऊन तीन जण जखमी झाले. त्याआधी परवानाधारकांना बंदूक नेता येत होती. २०२४ ला संस्थेने सगळ्यांनाच बंदी केली. राज्याचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी शहर आणि संस्थेवर दावा लावला. खालच्या कोर्टाने बंदी थांबवायला नकार दिला, अपील कोर्टाने दिला, आणि जत्रा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही दिला. जत्रा बंदुकांशिवाय भरली.

कोर्टाने मनाई हुकूम दिला नाही, याचा अर्थ सगळे मुद्दे कायमचे निकाली निघाले असा नाही. पण निर्णय शहराचा नसून तुमच्या मंडळाचा आहे, हे कागदावर दिसायला हवं. भाडेकराराच्या दोन दिवसांत प्रवेशाचे नियम मंडळ ठरवेल, असं वाक्य करारात घालून घ्या आणि पाटीवर मंडळाचं नाव टाका.

खानदेशी

अबोली, पोरी, ते आजोबा मीच. नाव लिहिलं नाहीस, बरं केलंस. पण आता मीच बोलतो, कारण ग्रुपवर मला बोलता येत नाही. तिथे लोक माझ्याबद्दल बोलतात, माझ्याशी नाही.

फोर्ट वर्थच्या पश्चिमेला एका छोट्या गावात माझं पेट्रोल पंपाचं दुकान होतं. २०१२ च्या डिसेंबरात रात्री पावणेअकराला दोन पोरं आली. एकाने माझ्या कपाळाला पिस्तूल टेकवलं. तुझी काकू मागच्या खोलीत नाणी मोजत होती, दुसरा तिकडे गेला. गल्ला दिला, सिगारेटची खोकी दिली. तरी तो टेकवून उभाच. बोट कापत होतं त्याचं. मी त्या बोटाकडे बघत होतो, आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की हिने ओरडू नये. ते गेले. पोलीस आले पंचवीस मिनिटांनी. त्यांचा दोष नाही, एवढ्या मोठ्या काउंटीला रात्री दोनच गाड्या होत्या.

पुढच्या महिन्यात मी क्लास केला. तेव्हा परवान्याशिवाय चालत नव्हतं. बोटांचे ठसे, लेखी परीक्षा, मग रेंजवर ५० गोळ्या: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. मी पास झालो तेव्हा ही बाहेर गाडीत रडत होती. आजही महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. चेंबरमध्ये गोळी ठेवूनही होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकतं, हे मी रोज सकाळी तपासतो. दारूला मी आयुष्यात शिवलो नाही.

तू पाटी लावलीस तर ती मी वाचणार आणि पाळणार. ज्याला मारायचंय तो वाचणार नाही. टेक्सासातल्याच किलीन गावचं तुला माहीत आहे का? १६ ऑक्टोबर १९९१. एका माणसाने लूबीज कॅफेटेरियात पिकअप ट्रक घुसवला आणि २३ माणसं मारली. सुझाना हप नावाची बाई आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण पर्समध्ये ठेवणं तेव्हा बेकायदा. डोळ्यांसमोर वडील गेले, मग आईही गेली. तिने गावोगाव साक्ष दिली, म्हणून १९९५ चा परवान्याचा कायदा झाला. मी कमरेला लावतो तेव्हा मला ती बाई आठवते.

हॉलमध्ये मी कायम दाराकडे तोंड करून बसतो. तुझी पोरं नाचत असतात तेव्हा मी नाच बघत नसतो, दार बघत असतो. हे कोणाला सांगावं असं कधी वाटलं नव्हतं.

निळाई

काका, डोळ्यांत पाणी आलं. माझं मत अजून ठरत नाहीये.

रानपाखरू

खानदेशीकाकांना माझा पाठिंबा. मी ह्यूस्टनला असते, एकटी राहते, ४१ वर्षांची.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये बारमध्ये बसलेल्या आपल्या माणसावर 'माझ्या देशातून चालते व्हा' म्हणत गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या झाडणाऱ्याला आधी बारमधून बाहेर काढलं होतं, तो बंदूक घेऊन परत आला. मी तेव्हा एच-१बी वर होते. ग्रीन कार्ड हातात आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी क्लासला नाव घातलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

पाटीने काही थांबत नाही, याचं उदाहरण सांगते. जुलै २०२२, इंडियानातला ग्रीनवुड पार्क मॉल. मॉलच्या नियमात बंदुकांना मनाई होती. हल्लेखोर रायफल घेऊन आलाच, तीन जण मारले. २२ वर्षांचा एक मुलगा मैत्रिणीबरोबर तिथे होता, नियम मोडून पिस्तूल घेऊन आलेला. त्याने सुमारे ४० यार्डांवरून १५ सेकंदांत दहा गोळ्या झाडून त्याला पाडलं. तो मुलगा नियम पाळणारा असता तर? हा प्रश्न मला कोणी सोडवून द्या. 'हे अपवाद आहे' असं उत्तर नको. ज्या घरातला माणूस त्या पंधरा सेकंदांमुळे परत आला, त्यांच्यासाठी तो अपवाद नाही.

आणि बायकांसाठी वेगळं काही बोलायलाच हवं. पार्किंग लॉटमध्ये रात्री साडेदहाला मागून पावलं ऐकू येतात, तेव्हा कोणती पाटी माझ्या कामाची?

ओहोळ

रानपाखरू, पार्किंग लॉटमधली तुमची भीती खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. पण अबोलीताईंचा प्रश्न पार्किंगचा नाही, भरलेल्या हॉलचा आहे. दोन्ही एकत्र केले की चर्चा पुढे जात नाही.

इंडियानाच्या आधी एक वर्ष, जून २०२१, कोलोरॅडोतलं आरव्हाडा. एका माणसाने पोलिसाला ठार मारलं. जवळच्या दुकानातून एक सामान्य नागरिक धावत आला, त्याने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोराला पाडलं आणि त्याची रायफल उचलून हातात घेतली. तेवढ्यात पोलीस आले. त्यांना रायफल धरलेला माणूस दिसला. त्यांनी त्यालाच गोळी घातली आणि तो मेला. ज्याने लोकांना वाचवलं तोच. आता तुमच्या हॉलमध्ये ढोल-ताशा चालू आहे, दिवे मंद आहेत, आवाज फटाक्याचा की गोळीचा हे कळत नाही, आणि तीन वेगवेगळ्या काकांनी तीन पिस्तुलं काढली आहेत. एकमेकांना ते ओळखतील? बाहेरून धावत आलेला पोलीस ओळखेल?

दुसरं, 'टेक्सास म्हणजे पहिल्यापासून कमरेला पिस्तूल' हा समज सिनेमांनी केलाय. टेक्सासने १८७१ मध्येच हँडगन घेऊन फिरण्यावर बंदी घातली होती. प्रवासी वगैरेंना सूट होती, पण बंदी १९९५ पर्यंत टिकली. सव्वाशे वर्षं! आज ज्याला परंपरा म्हणतात ती माझ्या लग्नाच्या वयाची आहे.

मी न्यू जर्सीत असतो. २३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालापर्यंत आमच्याकडे सामान्य माणसाला बंदूक घेऊन फिरायचा परवाना जवळपास मिळतच नसे. न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना 'योग्य कारण दाखवा' हा नियम सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने रद्द केला, आणि आमचाही तसाच नियम गेला. त्याच निकालात शाळा, कोर्ट, मतदान केंद्र अशा 'संवेदनशील जागां'वर बंदी चालेल असं म्हटलं, म्हणून राज्यांनी याद्या केल्या. न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअर यादीत घातला. हवाईने तर उलटा नियम केला: खाजगी जागेत मालकाने हो म्हटलं तरच बंदूक. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तुमच्याकडे गप्प राहिलं की हो, त्या नियमात गप्प राहिलं की नाही. सगळा वाद या एका गोष्टीवर आहे, आणि अबोलीताईंनी ती पहिल्याच पोस्टमध्ये नेमकी पकडली.

परवाना असलेल्यांसाठी: दुसऱ्या राज्यात गाडीने जाताना तुमचा परवाना चालतोच असं नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या दोन मुलांच्या आईला आमच्या राज्यात अटक झाली, आणि पिस्तूल जवळ आहे हे तिनेच पोलिसाला प्रामाणिकपणे सांगितलं होतं. २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली म्हणून सुटली. बंदूक रिकामी आणि डिकीत (डिकी नसेल तर कुलपाच्या पेटीत) असेल, आणि निघण्याच्या व पोचण्याच्या दोन्ही ठिकाणी कायदेशीर असेल, तरच १९८६ चा केंद्रीय कायदा मधल्या राज्यांत संरक्षण देतो. अधिवेशनाला येताना हे लक्षात असू द्या.

सह्यकडा

पुण्यातून लिहितोय. तुमच्या वादात पडायचा मला अधिकार नाही, पण 'भारतात हा प्रश्नच नव्हता' असं कोणी म्हणेल, त्याआधी थोडं.

इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने आपल्याला निःशस्त्र केलं, आणि तो रद्द करा ही काँग्रेसची जुनी मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, स्पष्ट लिहिलेला आहे. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. अमेरिकेत जो हक्क आहे तो आपल्याकडे विचार करून नाकारला गेला. फाळणीच्या दंगली होऊन वर्ष झालं होतं, हे विसरू नये.

आज १९५९ चा कायदा आणि २०१६ चे नियम. परवाना जिल्ह्यात जिल्हाधिकारी देतात, शहरात पोलीस आयुक्त. पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचा दाखला, आणि जिवाला धोका कसा आहे ते सांगा. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करा. कागदावर उत्तम. पण परवाना कोणाला मिळतो? बीडमध्ये डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती. पण त्यानंतर लोकांनी मोजायला घेतलं तेव्हा त्या एका जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने निघाले. कमरेला पिस्तूल लावून काढलेली रील, हवेत गोळीबार. मग प्रशासनाने शंभराहून जास्त परवाने रद्द केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला एका आमदाराने पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळ्या झाडल्या, आणि त्याही परवान्याच्या बंदुकीतून.

तेव्हा परवाना कडक असला की बंदूक योग्य हातात जाते, यावर माझा विश्वास राहिलेला नाही. ती वजनदार हातात जाते. पण एक फरक मी रोज अनुभवतो. मंडईत, लोकलमध्ये, पालखीत समोरच्याच्या कमरेला काय असेल हा विचार माझ्या मनात येत नाही. हे सुख आपण कधी मोजत नाही. काकांचं वाचून वाटलं, या माणसाला ते एक दिवस तरी मिळायला हवं.

पळसफूल

मी ओहायोत इमर्जन्सी विभागात नर्स आहे, १४ वर्षं. इथे सगळे हल्लेखोराबद्दल बोलताहेत. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं हल्लेखोराची नसतात.

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. त्यातल्या २७,००० हून जास्त आत्महत्या. निम्म्याहून कितीतरी जास्त! आणि बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले साधारण नऊ जीव घेतात. झोपेच्या वगैरे औषधाच्या गोळ्या खाल्लेला माणूस आम्ही वाचवतो, तो नंतर भेटायलाही येतो. बंदुकीत ती संधी मिळत नाही. मनाची ती वाईट अवस्था पुष्कळदा काही तासांची असते. ते तास ओलांडायला काहीतरी आडवं यावं लागतं. एक कुलूप पुरतं.

म्हणून हॉलमध्ये बंदूक येते की नाही यापेक्षा मला जास्त काळजी आहे ती बंदूक रात्री कुठे झोपते याची. उशीखाली? नाइटस्टँडच्या ड्रॉवरमध्ये? घरात कॉलेजला न जमलेला मुलगा आहे? नोकरी गेलेला नवरा आहे? आपल्या घरांत हे बोललं जात नाही, डिप्रेशन हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात.

अबोलीताई, पाटी लावा. पण पाटीचा एक परिणाम होतो तोही बघा. लोक बंदूक गाडीत ठेवून आत येतात. सीटखाली, ग्लव्ह बॉक्समध्ये. पार्किंगमध्ये दोनशे गाड्या आणि सगळे दोन तास आत. चोरांना हे ठाऊक असतं. गाडीतून चोरलेली बंदूक पुढे कोणाच्या हातात जाते ते मी स्ट्रेचरवर पाहिलंय. तुमच्या ईमेलमध्ये 'आणू नका' इतकंच लिहू नका. 'घरी तिजोरीत ठेवून या, अगदीच गाडीत ठेवायची तर सीटच्या पायाला केबलने बांधलेल्या लॉकबॉक्समध्ये' असं लिहा.

खानदेशी

पळसफूल, तुमचं मी दोनदा वाचलं. आमच्या घरी तिजोरी आहे, चावी माझ्याच गळ्यात असते. काकू गेल्यावर पहिले सहा महिने ती चावी मी मुलीकडे दिली होती. तिने मागितली नव्हती, मीच दिली. का दिली ते तुम्हाला कळेल.

ओहोळ, आरव्हाडाचं मला माहीत आहे. क्लासमध्ये मी पोरांना तेच सांगतो, की काम झालं की लगेच खाली ठेवा आणि हात वर करा. पण तुमचं एक मान्य करतो. तीन काका असले तर तिघांनी एकमेकांना आधी ओळखायला हवं. २०१९ च्या डिसेंबरात टेक्सासातल्या व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये ज्याने सहा सेकंदांत हल्लेखोराला पाडलं, तो बंदूक शिकवणारा माणूस होता आणि चर्चच्या सुरक्षा पथकात होता. त्यांची ठरलेली जागा होती, सराव होता. तरी दोघं गेले. माझ्यासारखा एकटा झब्ब्याखाली लपवून बसणं म्हणजे ते नव्हे.

दिवेलागण

इतक्या दिवसांनी या विषयावर माणसासारखी चर्चा वाचली. माझा एकच मुद्दा. २०२१ पासून परीक्षेशिवायही चालतं. काकांनी ५० गोळ्यांची परीक्षा दिली, महिन्यातून दोनदा सराव करतात. पण दारातून आत येणारा प्रत्येक जण काका नाही. गेल्या महिन्यात पिस्तूल घेतलेला, अजून एकदाही न चालवलेला माणूसही तितक्याच हक्काने येतो. नियम काकांकडे बघून करायचा की त्याच्याकडे बघून? मी त्याच्याकडे बघून करेन. काकांवर त्यात अन्याय होतो, तो कबूल करून करेन.

अबोली_डॅलस

रविवारची बैठक झाली. इथले प्रतिसाद मी छापून नेले होते, काकांचे त्यांना विचारून.

सात विरुद्ध चारने ठरलं: तिन्ही पाट्या लावायच्या, दोन्ही दारांवर. शहराच्या कार्यालयाकडे करारातल्या वाक्याबद्दल पत्र गेलंय, उत्तर यायचंय. दोन्ही दिवस दारावर ड्यूटीवर नसलेले दोन पोलीस अधिकारी, गणवेशात, पैसे देऊन. खर्च मोठा आहे, म्हणून या वर्षी आरास साधी. मखर मागच्या वर्षीचंच रंगवून घेऊ. विरोधातल्या चौघांत दोन जण असे होते की त्यांच्याकडे बंदूक नाही आणि कधी घेणारही नाहीत. त्यांचं म्हणणं, पाटी लावली की येणाऱ्याला पहिली आठवण भीतीची होते. दारात रांगोळी, तोरण, आणि शेजारी 'हँडगन' शब्द असलेला हा मोठा फलक. त्यांचं चुकीचं आहे असं मी म्हणू शकले नाही. मलाही तो फलक तिथे नकोच आहे. पण गेल्या वर्षीच्या त्या मुलाच्या आईला मी काय सांगू, एवढंच मी विचारलं.

सगळ्या सभासदांना जाणाऱ्या ईमेलमध्ये पळसफूल यांचा परिच्छेद जवळजवळ तसाच घेतलाय. व्हिसाबद्दलचा अनाहत यांचाही.

काका बैठकीला आले होते, पण बोलले नाहीत. काका, तुम्ही येणार ना?

खानदेशी

अबोली, सकाळच्या आरतीला येईन. बंदूक घरी तिजोरीत ठेवून येईन, गाडीत नाही. संध्याकाळी मात्र थांबणार नाही. अंधार पडला की ती कमरेला नसताना गर्दीत मला श्वास घेता येत नाही, आणि हे तुमच्या मतदानाने बदलणार नाही. रागावून म्हणत नाही.

तुझी पाटी उंचावर लाव. गेल्या वर्षी डाव्या दाराला तोरण इतकं खाली आलं होतं की मागचं काही दिसत नव्हतं. दिसली नाही तर ती कायद्याने लागू होत नाही.

अबोली_डॅलस

काका, सकाळची आरती साडेनऊला. मुलांची लेझीम या वर्षी संध्याकाळऐवजी आरतीनंतर लगेच ठेवतेय. समोरच्या रांगेत खुर्ची ठेवते, दाराकडे पाठ करून.

पाटीचा स्पॅनिश मजकूर कायद्यातल्याशी शब्दशः ताडून बघायला कोणी मदत करेल का? बुधवारी छापायला द्यायचंय.